पुसलेले दगड

तपासणी समिती येणार म्हटल्यावर अंधेरीच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख हर्षद सर यांच्या अंगात स्वच्छता संचारली. सकाळी त्यांच्या विभागात संशोधन करणारी चेतना प्रयोगशाळेत शिरली आणि कपाटापुढे उभीच राहिली. तिनं गोळा केलेले दगड लखलखत होते, आणि एकाही दगडावर नंबर नव्हता.

"थिनरनं पुसून घेतले," सर खुशीत म्हणाले. "काय ते पांढऱ्या रंगाचे डाग! वरून व्हार्निश मारलं. झकास ना?"

"सर, ते डाग नव्हते. कुठला दगड टेकडीवर कुठून उचलला, ते त्या नंबरांवरून कळायचं."

"मग परत आणा की!"

आणणार काय डोंबल? तमिळनाडूतली ती अख्खी टेकडी खाणवाल्यांनी केव्हाच कापून नेली होती. एव्हाना इथल्याच टॉवरांत तिचे स्वयंपाकाचे ओटे झाले असतील. दगडांतले गार्नेटचे लाल खडे तपासून, ते दगड जमिनीखाली किती खोल आणि किती तापमानाला घडले ते चेतनानं शोधलं होतं. पण जागाच पुसली गेली तर ते आकडे नकाशावर मांडायचे कुठे? आठ वर्षांच्या कामाची वाट लागली.

दुपारी समितीचे अध्यक्ष कपाटापाशी थांबले. त्यांनी एक दगड उचलला. "वा! याची काही माहिती?"

"अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे, सर," चेतनानं सांगितलं. "पंचवीस किलोमीटर खोल दाबाखाली, आठशे अंशांवर भाजून निघालाय."

"अरे वा. आणि हा आणला कुठून?"

मागून हर्षद सर डोळे वटारत होते.

"या कपाटातून," चेतना म्हणाली.