वीतभर बाहेर

क्लब खालच्या श्रेणीत घसरला त्या दुपारी निम्म्या शहराला कोचला शिव्या घालायच्या होत्या आणि उरलेल्या निम्म्याला खेळाडूंना. कोचने दोघांचीही सोय केली. वार्ताहरांपुढे बसून तो घोटभर पाणी प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, "मुलं जीव तोडून खेळली. पण मैदानावरच्या रेघाच धड नसतील तर त्यांनी करायचं काय? मी कुणाचं नाव घेणार नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्या मैदानावर रेघा ओढणारा माणूस एकच, आणि एकतीस वर्षं तोच. खांद्यावर सुतळीचं भेंडोळं, खिशात चार खुंट्या आणि कपाळावर कायमची आठी. लोक त्याला दोरीमामा म्हणायचे. यंत्राचं चाक नुसतं ढकलत नेलं की रेघ होते असं कुणी म्हणालं तर तो त्याच्याशी आठवडाभर बोलत नसे. आधी दोरी ताणायची, मग टेपने दोनदा मोजायचं आणि मग रंग. क्लबने हरायचे सगळे प्रकार करून पाहिले होते, पण रेघ वाकडी होती म्हणून हरलो असं एकतीस वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. दोरीमामाजवळ अभिमान बाळगावा असं तेवढंच होतं, आणि तो अभिमान तो शेजाऱ्याच्या कुत्र्याइतका मोकाट सोडायचा.

हंगाम पहिल्यापासूनच नासलेला. तीन कोच झाले. पहिला आजारी पडला, दुसरा आजारी असल्याचं सांगून पळाला. ओळीने अकरा सामने हरल्यावर तिसरा आला. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता आणि नुसती बरोबरी झाली असती तरी क्लब वाचणार होता.

त्या सामन्याच्या आदल्या मंगळवारी नवा कोच दोरीमामाकडे आला. "मैदान अरुंद करा," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर आत घ्या. समोरचे कडेकडेने खेळतात. त्यांना कडच ठेवायची नाही."

नियमात तेवढी मुभा होती. दोरीमामाने कान खाजवला. "घेतो. पण आपली पोरं पाच-पाच वर्षं जुन्या रेघेवर खेळलीत. पायांना सवय असते, साहेब. नवी रेघ चालवून घ्यावी लागेल."

"चालवून म्हणजे?"

मग त्याला दोरीमामाची पद्धत सांगावी लागली. रेघ नव्याने आखली की दोरीमामा सगळ्या खेळाडूंना बूट काढायला लावायचा. पांढऱ्या मोज्यांनिशी, एकामागे एक, ओल्या रेघेवरून मैदानाला पुरती फेरी. मोजे रंगायचे, धुणारी बाई दोरीमामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि फेरी झाल्यावर त्यालाच रेघ पुन्हा ओढावी लागायची. पण रेघ डोळ्यांना कळून उपयोग नाही, ती तळव्याला कळली पाहिजे, हे त्याचं म्हणणं. निघण्यापूर्वी तो मोठ्याने मोजायचा, "बावीस. चला." कोच हसला, पण हो म्हणाला. हरणारा माणूस कशालाही हो म्हणतो.

आता जावयाचं सांगायला हवं. डाव्या कडेने पळणारा, संघातला सगळ्यात वेगवान खेळाडू, तो दोरीमामाचा एकुलता एक जावई. लग्नात सासऱ्या-जावयाने एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. मग त्याच हिवाळ्यात एक सामना चिखलात हरल्यावर जावई वर्तमानपत्राला म्हणाला, "हे मैदान आहे की शेत? इथे बटाटे लावा, निदान पीक तरी येईल." सगळं शहर पोट धरून हसलं. दोरीमामाला ते वाक्य असं झोंबलं की तीन वर्षं तो जावयाशी एक शब्द बोलला नाही. लेक येता-जाता मध्ये पडली, रडली, शेवटी थकली. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुमचा," बायको म्हणायची. जावईही काही कमी नव्हता. या तीन वर्षांत प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला फेरी निघाली की तो आत मालिश करून घेत पडायचा. रेघ जुन्याच जागी असायची, म्हणून काही अडलं नाही.

गुरुवारी सकाळी नवी रेघ ओढून झाली. जुन्या रेघेवर हिरवा रंग मारला होता. खेळाडू मोज्यांवर रांगेत उभे राहिले. दोरीमामाने बोट नाचवत मोजायला सुरुवात केली आणि एकवीसवर येताच त्याची नजर ड्रेसिंग रूमच्या बोळाकडे गेली.

जावई बोळाच्या तोंडाशी उभा होता. बूट हातात, पायांत पांढरे मोजे. तीन वर्षांत पहिल्यांदाच. तो पुढे येत नव्हता. त्याला एका हाकेची, निदान मान हलवण्याची गरज होती, हे दोरीमामाला स्वच्छ कळलं. आणि कळलं म्हणूनच त्याच्या आत काहीतरी खुशीत आलं. शेतात चालायला कशाला येतोस, बाबा? बटाटे लाव की.

"एकवीस," दोरीमामा मोठ्याने म्हणाला. "चला."

फेरी पूर्ण करून त्याने बोळाकडे पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

शनिवारी शहाऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल झाला नव्हता. लोकांनी ओरडायचंही सोडून दिलं होतं, नुसते घड्याळाकडे बघत होते. चेंडू डावीकडे आला. जावयाने तो पायाखाली घेतला, खाली न बघता बाहेरच्या अंगाला ओढला, जसा तो हजार वेळा ओढत आला होता, आणि वळला. लाइन्समनचं निशाण वर गेलं. चेंडू नव्या रेघेच्या वीतभर बाहेर होता. जावई दोन्ही हात पसरून रेघेकडे बघत राहिला, आणि तो बघत होता तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू आत फेकला, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून दोघे धावले आणि गोल झाला. चार मिनिटं आणि वर पंचाने दिलेली तीन. संपलं.

रविवारी सकाळी दोरीमामाने दार उघडलं तर उंबऱ्याशी बटाट्यांचं पोतं. वर पुठ्ठा, त्यावर जाड अक्षरात, "लावा एकदाचे." चहाच्या दुकानात तो शिरला तसं बोलणं थांबलं. वीस वर्षं त्याचे केस कापणाऱ्या न्हाव्याने रिकाम्या खुर्चीकडे बघत सांगितलं की आज वेळ नाही. मैदानावरच्या खोलीचं कुलूप तोडून कुणीतरी त्याची सुतळी कापून तिचे वीत-वीत तुकडे केले होते. दोरीमामा ते तुकडे ओंजळीत घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला रडू आलं नाही, राग आला. राग त्याला नेहमीच लवकर सापडायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो बायकोला म्हणाला. "उद्या मोजूनच दाखवतो."

"मोजा," बायको म्हणाली. "पण रेघ सरळ निघाली तर मग चूक कुणाची निघेल, तेही मोजून ठेवा."

त्याने ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण कान दिला नाही.

सोमवारी अध्यक्षांनी चौकशी ठेवली. अध्यक्ष, कोच, सगळे खेळाडू आणि कुंपणाला चिकटलेले शे-दोनशे लोक. रेघ चुकली असेल तर दोरीमामा घरी जाणार, हे अध्यक्षांनी आधीच सांगितलं होतं. दोरीमामाने टेपचं एक टोक स्वतः कोचच्या हातात दिलं. "धरा घट्ट. नंतर म्हणाल, म्हाताऱ्याने ओढली." पाच ठिकाणी मोजलं. कागदावर लिहिल्यापेक्षा बोटभरही फरक निघाला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

कोच हुशार. एक दार बंद झालं की दुसऱ्याची कडी त्याच्या हातात असायची. "मग ज्याला रेघ कळली नाही त्याला विचारू," तो म्हणाला आणि जावयाकडे वळला. "गुरुवारी बाकीचे एकवीस फेरीला होते. तू कुठे होतास?"

जावयाने दोरीमामाकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. दोरीमामाच्या हातात टेप होता आणि तो सावकाश गुंडाळत होता.

"नव्हतो," जावई म्हणाला.

"का?"

"कंटाळा केला."

कुंपणाशी शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या, कुणीतरी बाटली फेकली. कोच म्हणाला की असल्या माणसाला पुढच्या हंगामात ठेवू नये. अध्यक्षांनी मान हलवली. जावयाचा करार तसाही संपतच होता. दोरीमामाच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर लोक पुन्हा त्याच्यावर उलटले असते. त्याने ते गिळलं. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "पुढच्या वर्षीही तुम्हीच, मामा," आणि न्हाव्याने कुंपणावरून हात केला. जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्या वर्षी त्या मैदानावर कुणी जिंकण्याची ही जवळजवळ पहिलीच वेळ.

जिंकलेल्या माणसाने घरी बसावं. दोरीमामाने ढकलगाडी काढली, बटाट्यांचं पोतं तीत घातलं आणि भर संध्याकाळी, दोन गल्ल्या ओलांडून, सगळ्यांच्या देखत जावयाच्या दारात नेऊन टाकलं. पुठ्ठ्यासकट. तीन वर्षं साठवलेलं उत्तर होतं ते. येताना तो शीळ घालत होता.

मंगळवारी लेक आली. पोतं तिने एकटीने ओढत आणलं होतं, तिचे तळहात लाल झाले होते. तिने ते बापाच्या पायाशी सोडलं आणि बसली नाही.

"त्यांनी बूट काढले होते, बाबा."

दोरीमामाने पोत्याचं तोंड आवळलं.

"बुधवारी रात्री मीच म्हटलं, उद्या जा, बाबा बोलवतील. तर हो म्हणाले. बोळात उभे होते. तुम्ही बघितलंत आणि एकवीस म्हणालात."

"मग काल बोलला का नाही सगळ्यांसमोर? तोंड नव्हतं?"

"मीही तेच विचारलं." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "म्हणाले, म्हाताऱ्याजवळ त्या रेघेशिवाय दुसरं आहे काय? राहू दे त्याला. आणि संध्याकाळी बघते तर दारात हे."

आतून बायको आली होती. तिने लेकीचे लाल तळहात आपल्या हातांत घेतले.

"गुरुवारी निघतोय आम्ही," लेक म्हणाली. "लांब. तुम्ही येऊ नका निरोपाला. सामान जड आहे, त्यात तुमचं तोंड नको." आणि ती गेली. लहानपणी भांडून जाताना ती दार आपटायची. या वेळी तिने ते हळू ओढून घेतलं.

त्या रात्री दोरीमामा जेवायला बसला आणि न जेवताच उठला. बुधवारी अध्यक्षांच्या कचेरीत जाऊन त्याने सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, मग दार लावून घेतलं. "झालं ते मिटलंय, मामा. लोकांना एक नाव हवं होतं, मिळालं. आता तुम्ही दुसरं कशाला देताय? घरी जा." खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

गुरुवारी सकाळी मैदानाजवळून जाणाऱ्यांनी पाहिलं की दोरीमामा फावड्याने हिरवळ फोडतोय. डावीकडे, जुन्या आणि नव्या रेघेच्या मधल्या दीड मीटरच्या पट्ट्यात, बरोबर जिथे चेंडू बाहेर गेला होता तिथून सुरुवात करून. एकतीस वर्षं ज्या गवतावर त्याने कुणाला जोडा घासू दिला नव्हता, ते तो मुळासकट उपटून बाजूला टाकत होता आणि खड्ड्यात एकेक बटाटा ठेवत होता. कुंपणाशी माणसं जमली. अध्यक्ष धावत आले, धापा टाकत म्हणाले, "मामा, डोकं फिरलं का तुमचं?"

"जावई तीन वर्षांपूर्वी म्हणाला होता, इथे बटाटे लावा. बरोबर म्हणाला होता." दोरीमामाने कंबर सरळ केली आणि कुंपणापर्यंत पोचेल अशा आवाजात, जसा तो खेळाडू मोजायचा तसा, म्हणाला, "फेरीच्या दिवशी बाविसावा बोळाच्या तोंडाशी उभा होता. बूट काढून. मी बघितला, आणि एकवीस म्हणालो. क्लब मी बुडवला. आता काय करायचं ते करा."

त्यांनी केलं. पहिला दगड फावड्याला लागला, दुसरा पाठीला. न्हावी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. अध्यक्षांनी दोरीमामाकडून खोलीची किल्ली मागून घेतली, आणि ती देताना त्याने मातीचे हात आधी विजारीला पुसले.

तेवढ्यात जावई आला. त्याला कपाटातले बूट न्यायचे होते, बाहेर सामानाचा टेम्पो उभा होता, पुढच्या सीटवर लेक होती आणि ती समोर बघत होती. लोक बाजूला झाले. जावई बूट घेऊन बाहेर पडला, पट्ट्याच्या कडेला थांबला आणि खड्ड्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. दोरीमामा गुडघ्यांवर होता. त्याने वर पाहिलं.

"रेघ वाकडी आहे," जावई म्हणाला, आणि गेला.

तीन वर्षांत तो सासऱ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. दोरीमामाने जमिनीलगत मान नेली, एक डोळा मिटला आणि रांगेवरून नजर टाकली. वाकडी होती. ताणायला दोरीच उरली नव्हती.