बोनाकेलेची तिकाठी

मी एक तिकाठी बोलतेय. नाव ऐकून दचकू नका. गुन्हेगाराला फटके मारायला जिला बांधत, ती मी नव्हे. रानटी ऑलिव्हच्या तीन काठ्या, वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने एकत्र बांधलेल्या, एवढाच माझा देह. पाय फाकवले की उभी राहते, मिटले की खांद्यावर जाते. शिकारी माझ्या माथ्यावर बंदूक टेकवतो, म्हणजे नेम धरताना त्याचा हात हलत नाही. कधीकधी वाटतं, ती फटक्यांची तिकाठी माझ्यापेक्षा बरी. तिच्यापाशी आणलेल्याचा गुन्हा तरी आधी ठरलेला असायचा.

बोनाकेलेने मला त्याच्या घराखालच्या ओढ्यातून तोडून आणलं. साल सोलली आणि सबंध हिवाळाभर चुलीमागे वाळत ठेवलं. नोवेथू, म्हणजे त्याची बायको, रोज मला अडखळायची आणि रोज करवादायची, "सवत आणली असती तरी एवढी जागा अडवली नसती तिने!" माझ्या पायांना त्याने स्वतःच्या फाटक्या बुटाचं कातडं शिवलं, दगडावर आवाज होऊ नये म्हणून. मग ईलँडची चरबी चोळून मला काळीभोर केली. ईलँड म्हणजे आमच्या डोंगरातलं बैलाएवढं हरिण. त्याचीच चरबी अंगाला लावून मी त्याच्याच जिवावर उठणार होते, पण तेव्हा मला कुठे काय कळत होतं? मी आपली तकतकीत दिसते म्हणून खूष!

डोंगर लोरेन्सच्या मालकीचा. पाहुण्या शिकाऱ्यांना वर नेणं हा त्याचा धंदा. हा लोरेन्स पाच वर्षांचा असताना बोनाकेलेच्या मागेमागे फिरून माग काढायला शिकला. आता चाळिशी उलटली, गोरा मालक झाला, तरी बोनाकेलेला तो 'ताता', म्हणजे बाबा, म्हणतो आणि त्याच्या शब्दापुढे जात नाही.

आणि डोंगरावर बोनाकेलेचा शब्द म्हणजे मी. तिथे बोलायची सोय नसते. कुजबुज केली तरी वारा ती पलीकडच्या धारेवर नेऊन पोचवतो. म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती, की बोनाकेलेने मला उघडून जनावराच्या रोखाने रोवलं म्हणजे जनावर ठरलं. पाहुण्याने बंदूक टेकवायची आणि घोडा दाबायचा. विचारायचं काही उरत नसे. सव्वीस वर्षं एकदाही चूक झाली नाही. मला काय तोरा होता तेव्हा! वाटायचं, हा सगळा डोंगर माझ्या होकारावर चालतो.

मागच्या वर्षी बोनाकेलेच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. हे सर्वांत आधी मला कळलं. रोवताना माझा एक पाय तो दगडाच्या कडेबाहेर, हवेत ठेवायला लागला. मग चाचपून जागा शोधायचा आणि मुद्दाम जागा बदलल्याचा आव आणायचा. पाहुणे म्हणायचे, वा, म्हातारा किती बारकाईने काम करतो!

नोवेथूला फसवणं मात्र त्याला जमलं नाही.

"राडेबे," एका सकाळी तिने विचारलं. ती त्याला कुळाच्या नावाने हाक मारते. "कुंपणापाशी कोण उभंय?"

"तुझी बहीण."

"माझी बहीण शनिवारीच गेली. ते माझं ब्लँकेट वाळतंय."

"तुझ्या बहिणीपेक्षा गप्प आहे, तेव्हाच मला शंका आली."

ती हसली नाही. "लोरेन्सला सांग. शहरातल्या दवाखान्यात हा पडदा काढून देतात म्हणे."

"आणि डोंगरभर होऊ दे, की बोनाकेले आंधळा झाला! माझे कान शाबूत आहेत. माझं मी बघतो."

हे मात्र खरं, की त्याचे कान तिखट होते. ईलँडचा म्हातारा सांड चालला की त्याच्या गुडघ्यांतून कट् कट् असा आवाज येतो. मादीच्या गुडघ्यांतून तसा येत नाही. तेवढ्या आवाजावर बोनाकेलेने त्या वर्षी चार शिकारी पार पाडल्या आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी मात्र सगळं बघत होते आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकच वाटत होतं. लबाडीचं कौतुक करणारेही लबाडच असतात. मी त्यातलीच.

एप्रिलमध्ये फिन्लंडहून वेइक्को आला. सत्तरीचा, उंच, ओणवा, जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेला. त्याने पहिल्याच दिवशी लोरेन्सला सांगितलं, "मला एकच सांड हवा. म्हातारा, कळपाला नकोसा झालेला. तसा मिळाला नाही तर मी नुसतं चालून परत जाईन." लोरेन्सने ते आमच्या खोसा भाषेत करून सांगितल्यावर बोनाकेले म्हणाला, "हा शिकार करायला आलाय की जोडीदार शोधायला?" लोरेन्सने तेही भाषांतर करून सांगितलं. वेइक्को इतका हसला की त्याला ठसका लागला. दोघा म्हाताऱ्यांचं तिथेच जमलं. एकाला दुसऱ्याच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण वाटेत थांबले की वेइक्को फ्लास्कातली कॉफी आधी बोनाकेलेला द्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कपारीत पोचलो. समोर खोल घळ, पलीकडच्या उतारावर कळप. कपारीत दोघंच मावत होते. लोरेन्स मागे थांबला. खरं म्हणजे दुर्बिणीतून बघून जनावर पक्कं करणं हे त्याचं काम; पण ताता पुढे असताना त्याने कधी बघितलं होतं?

घळीपलीकडून आवाज आला. कट्, कट्. बोनाकेलेचा चेहरा उजळला. सांड आहे, म्हातारा आहे, चालतोय. त्याला धुरकट, तपकिरी असं काहीतरी मोठं दिसलं आणि त्याने मला उघडलं. माझे तिन्ही पाय त्या दिवशी पहिल्या झटक्यात दगडावर नीट बसले.

सांड होता. पण तो खडकाआड गेला होता. माझ्या रोखावर उभी होती ती मादी. लांब, बारीक शिंगांची. तिच्या मागच्या पायांपाशी पंधरा-वीस दिवसांचं पाडस होतं.

वेइक्कोने बंदूक टेकवली. तो जरासा थांबला. त्याने डोळा नळीवरून काढून एकदा बोनाकेलेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ताठ उभी. मी थोडी जरी घसरले असते, माझा एक पाय जरी निसटला असता तर! गवत कापणारी विळी बोथट होते, दोर तुटतो, चाक निखळतं. वस्तू असल्या तरी ऐन वेळी दगा देतात. मीच तेवढी शहाणी. हलले नाही.

गोळी सुटली. मादी दोन पावलं चालली आणि बसली.

आम्ही घळ उतरून पलीकडे चढून जाईपर्यंत कळप पसार झाला होता. वेइक्को तिच्यापाशी उभा राहिला. त्याने टोपी काढली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मी चुकलो का?" तो म्हणाला. "सांड शेजारी होता? मी भलत्याच जनावरावर नेम धरला?"

लोरेन्सने बोनाकेलेकडे बघितलं. बोनाकेलेने मादीच्या अंगावरून हात फिरवला आणि तो हात कासेपाशी थांबला. कास भरलेली होती. त्याच्या बोटांना दूध लागलं. तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय केलं ते.

"सांड हिच्या मागेच होता," तो म्हणाला. एवढंच. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं नीच होतं. लोरेन्सने वेइक्कोच्या खांद्यावर हात ठेवला. "दोघं जवळजवळ होते. होतं असं कधीकधी." त्या भल्या माणसाने मान हलवून सगळी चूक पदरात घेतली.

मग त्याने विचारलं, "आणि पिल्लू?"

"ताता, वासरू कळपाबरोबर गेलं ना?" लोरेन्सने विचारलं. "दुसऱ्या एखाद्या मादीला लुचेल ते?"

"गेलं," बोनाकेले म्हणाला. "मी बघितलं ना."

त्याने बघितलं म्हटल्यावर कोण शोधणार? कुणीच शोधलं नाही.

त्या दिवशी नोवेथूने मक्याचे दाणे आणि घेवडा शिजवला होता. त्याने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी, कुंपण बघून येतो असं सांगून, त्याने गाईच्या दुधाची बाटली कोटात घातली, मला खांद्यावर टाकलं आणि तो एकटाच घळीकडे निघाला. त्याने कुणाला बरोबर घ्यायला हवं होतं. पण घेतलं असतं तर, मला डोळे द्या, असं म्हणावं लागलं असतं.

तो दुपारपर्यंत हाका मारत फिरला. मादी पिल्लाला बोलावते तसा घशातून आवाज काढत. शेवटी दमून एका खडकापाशी बसला. मला त्याने खडकाला टेकवलं.

पाडस तिथेच होतं. माझ्यापासून दोन हातांवर, गवतात, पाय पोटाशी घेऊन. आईने जिथे बसवलं असेल तिथेच परत येऊन बसलेलं. एवढ्या लहान पाडसाची रीत असते, माणूस जवळ आला की हलायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. तिखट कान काय कामाचे? ते डोळे उघडे ठेवून बघत होतं. बोनाकेले अगदी दोन हातांवर बसून, बाटली छातीशी धरून, त्याला हाका मारत होता. मी ओरडायला हवं होतं. निदान खाली पडायला हवं होतं, माझ्या आवाजाने ते उठलं असतं. मला टेकवलं होतं तशी मी टेकून राहिले.

त्याच्या पुढच्या दिवशी पाऊस आणि वारा. वर जाणं जमलं नाही.

पाऊस थांबल्यावर, दुसऱ्या सकाळी, वेइक्को परत जायला निघाला. अंगणात गाडी उभी होती. त्याने गळ्यातली दुर्बीण काढली, फार चांगली, आणि बोनाकेलेच्या गळ्यात घातली. लोरेन्सने हसून सांगितलं, "ताता, तो म्हणतोय, ही या डोंगरावरच्या सगळ्यात चांगल्या डोळ्यांसाठी. आणि त्याच्या चुकीबद्दल माफ करा म्हणतोय."

बोनाकेलेने दुर्बीण हातात धरली. मग ती गळ्यातून काढून वेइक्कोच्या हातात परत दिली.

"त्याला सांग, मला दिसत नाही."

"काय?"

"वर्ष झालं, लोरेन्स. कुंपणावर ब्लँकेट वाळतंय की माणूस उभाय ते मला कळत नाही. तिकाठी मीच मादीवर लावली. वासरू गेलेलं मी बघितलं नाही. ते अजून वरच असेल."

"ताता, हे मी त्याला कसं सांगू?"

"जसं मी तुला सांगितलं तसं. गोळी त्याची होती, चूक माझी. सांग!"

लोरेन्सने सांगितलं. वेइक्कोने गाडीतून बॅग काढून जमिनीवर ठेवली आणि बूट चढवले.

तिघंही वर गेले, मी लोरेन्सच्या खांद्यावर. अर्ध्या तासात लोरेन्सला खडकाच्या आडोशाला, पाऊस न लागलेल्या मातीत खुणा दिसल्या. माझ्या पायांच्या खुणा. "ताता, तुम्ही इथे बसला होतात?" त्याने विचारलं, आणि बोलता बोलता त्याची नजर गवतात गेली.

पाडस मेलेलं होतं. लोरेन्सने त्याची मान उचलली. अजून ती ताठलीही नव्हती.

बोनाकेले गुडघ्यांवर बसला आणि त्याने हातांनी चाचपून खडक आणि पाडस यांमधलं अंतर मोजलं. दोन हात. मग तो रडला. साठ वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत.

वेइक्को त्याच्या शेजारी बसला आणि हळूहळू काहीतरी बोलला. लोरेन्सने ते बोनाकेलेला सांगितलं.

"तो म्हणतोय, पिल्लू त्याला दिसलं होतं. गोळी झाडायच्या आधी. त्याला वाटलं, आपल्याला काय कळतंय. तिकाठी उघडली होती." मग लोरेन्सने तोंड फिरवलं. "आणि मी तर बघितलंच नाही, ताता. बघायचं काम माझं होतं."

म्हणजे एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला दिसून त्याने मानलं नाही, आणि तिसऱ्याने बघितलंच नाही. तिघांनी आपापली शंका माझ्यावर ठेवली. आणि माझ्यात आहे काय? तीन लाकडं आणि रबराची एक पट्टी.

नंतर बोनाकेलेच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही मिळून तासभरही लागला नाही. तेवढ्या तासासाठी वर्षभर लाज वाटली, आणि आता जन्मभर वाटतेय. त्याला स्वच्छ दिसतं, पण तो शिकारीला जात नाही. पाहुणे आले तर त्यांना पक्षी दाखवतो. लोरेन्सने मला पाहुण्यांच्या बैठकीत खिळ्याला टांगलंय. लोक मला हात लावून म्हणतात, काय सुंदर काम आहे! माझ्याबरोबर फोटो काढतात. अहो, नका काढू. मला खाली उतरवा आणि चुलीत घाला. ऑलिव्हचं लाकूड छान जळतं, कुणाची भाकरी तरी होईल. आणि पुन्हा माझ्यासारखी कुणी तुमच्यापुढे पाय रोवून उभी राहिली, तर तिच्या ताठपणावर जाऊ नका. मान वर करून पलीकडे बघा.

मागच्या आठवड्यात नोवेथू बैठक झाडायला आली होती. बोनाकेले दारात थांबला होता. तिने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "राडेबे, हिला घरी नेऊ या का? इथे उगाच टांगून ठेवलीय."

तो आत आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने मला हात लावला. माझ्या पायाचं कातडं त्याने अंगठ्याने चाचपलं आणि किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "हिच्या समोरच होतं ते वासरू. हिला दिसलं असणार."

दिसलं होतं, बोनाकेले.