ठिपका बारावर

रविवारी सकाळी माझ्या दुकानात तीन पाणबुडे येतात. तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही.

एक दातांचे डॉक्टर, एक सोफेवाला, आणि एक निवृत्त मोजणी अधिकारी. त्यांना बाकीचे दोघे ‘मिलीमीटर’ म्हणतात आणि ते तो बहुमान समजतात. मी घड्याळं दुरुस्त करते. हे बाकावर बसून घड्याळांना शिक्षा सुनावतात. मनगटावर दोनशे मीटर खोल जाणारं घड्याळ, आणि हात धुताना मात्र ते काढून रुमालात.

त्या दिवशी खटला होता नव्या मालिकेवर. तिघांच्या लाडक्या, मधल्या किमतीच्या घड्याळात कंपनीनं बदल केले होते. जाडी जरा कमी, तारखेची खिडकी चारवरून सहावर, आणि तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्याला खोल दाते. नवं घड्याळ एकानंही हातात धरलं नव्हतं. फोटो पाहिले होते. घोडं न बघता दात मोजणारी जात.

“सहावर खिडकी म्हणजे बेंबी दिसते हो,” सोफेवाला म्हणाला.

“बेंबी परवडली. ते कडं बघा. करवत आहे करवत!” डॉक्टर म्हणाले.

मिलीमीटरांनी डोळे मिटले. “शून्य पूर्णांक सहा दशांश मिलीमीटर. एवढी जाडी कमी केली. जाडी नाही, इमान कमी केलं.”

तेवढ्यात एक पोरगी आत आली. केस ओले, ओठ जांभळे, दात वाजतायत.

“मावशी, पट्ट्याची पिन निसटतेय. लगेच होईल? मला परत पाण्यात जायचंय.”

समोरच्या पाणीपुरवठ्याच्या तलावात बुडी मारून जाळ्यांतला कचरा काढायचं काम ती शिकत होती. आज तिची परीक्षा. जागा एकच, उमेदवार दोन. एक बुडी झाली होती. मध्ये पुरता एक तास वर थांबायचं आणि दुसरी बुडी मारायची. ती साडेबाराच्या आत सुरू व्हायला हवी. साडेबाराला पंप चालू होतात. वेळ जिची तिनं राखायची. उतरण्याआधी उस्ताद विचारणार, ‘वर येऊन किती मिनिटं झाली?’ दोन मिनिटांहून जास्त चुकलं तर नाव कायमचं कापलं.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मी घड्याळ घेतलं. नव्या मालिकेतलंच होतं. कड्याच्या खोल दात्यांत हिरवट शेवाळ अडकलेलं.

“हे दाते बरे आहेत गं?” मी विचारलं.

“जुन्यावरून बोटं घसरायची, मावशी. गार पाण्यात बोटं आपली राहतच नाहीत.”

त्याच बधिर बोटांनी तिनं वर आल्या आल्या कड्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवला होता, निजल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. काटा ठिपक्याच्या जितका पुढे, तितकी मिनिटं झाली. तलावावरच्या बाया म्हणतात,

*पाण्याला नाही वाट, पाण्याला नाही दार*
*मिनिटाचं बोट धर, लेकी, तेच नेतं पार.*

घड्याळ मी मऊ कापडावर ठेवलं आणि पिन शोधायला खणाकडे वळले. पाठीमागे आवाज आला. टिक टिक टिक टिक.

वळून बघते तो घड्याळ मिलीमीटरांच्या हातात.

“बघा, ठिपका भलतीकडेच! कारखान्यातूनच वाकडं आलंय. सरळ केलं हो, पोरी. बरोब्बर बारावर.”

तिघांच्याही घड्याळांवर ठिपका कायम बारावर असतो. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसा पुसून, नीट करून. कड्याचा काही उपयोग असतो हे त्यांनी वाचलं होतं. कुणी तो करत असेल असं वाटलं नव्हतं.

“काका,” पोरगी हळू आवाजात म्हणाली, “ती माझी वेळ होती.”

दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू आली. पावणेबारा झाले होते.

“कुठे होता ठिपका?” मी विचारलं.

“बावीसवर,” मिलीमीटर म्हणाले.

“छे, सव्वीस,” डॉक्टर.

“एकोणीस हो! मी स्वतः पाहिलं,” सोफेवाला.

“कडं फिरवताना टिकटिक मोजल्यात का, साहेब? तितकंच मागे मोजता येईल.”

“मी आवाजाचा दर्जा ऐकत होतो,” मिलीमीटर म्हणाले. “पोकळ आहे.”

केसाएवढा फरक टिपणारे हे सहा डोळे! ठिपका कुठे होता हे एकानंही पाहिलं नव्हतं. तो बारावर नव्हता, एवढंच पाहिलं होतं.

“बावीस ठोकून दे,” सोफेवाल्यानं लगेच बाजू बदलली. “निवृत्त माणूस खोटं कशाला बोलेल?”

पोरीचा अंदाज लागला तर नोकरी, चुकला तर जन्माची बंदी. आणि वेळ हरवली म्हणावं तर तास नव्यानं मोजायचा, तो पावणेएकला संपणार, म्हणजे आजची जागा गेली. मी पिन बसवली. तिनं घड्याळ मनगटावर चढवलं, ठिपका आताच्या मिनिटावर आणला आणि दाराकडे निघाली. मीही गल्ल्याला कुलूप घालून तिच्यामागे गेले.

उस्ताद काठावर दोर गुंडाळत होते.

“किती झाली?”

“हरवली, उस्ताद. आता नव्यानं लावलीय.”

मी पुढे होऊन सांगितलं, माझ्या दुकानातल्या माणसानं कडं फिरवलं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं.

“बाई, पाण्याला हे सांगता येईल का?” मग तिच्याकडे वळले. “अंदाज नाही सांगितलास, म्हणून नाव ठेवतो. चार महिन्यांनी ये. जागा निघाली तर.”

साडेबाराला पंप सुरू झाले. पाणी थरथरलं. ती कठड्यावर बसून बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ अजून गार होती.

दुकानात परतले तर तिघं एका कागदावर वाकलेले. माफीचं काही लिहीत असतील असं मला क्षणभर वाटलं. मीही वेडीच.

“कंपनीला पत्र आहे, ताई,” मिलीमीटर म्हणाले. “नव्या मालिकेत गंभीर दोष. कडं इतकं सहज फिरतं की कुणाचाही हात लागला तरी वेळ जाते. तज्ज्ञ म्हणून तुमची सही हवी.”

मी पेन घेतलं. सहीच्या जागी लिहिलं, ‘कडं उत्तम आहे. हात आवरा.’ मग कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांचा बाक उचलून दाराबाहेर ठेवला.