नोरीनआंटीचं शेवटचं पत्रक

"मिस्टर सोनकांबळे, एकच शब्द बदलायचाय," फोनवरून संग्रहालयाची बाई मऊ आवाजात म्हणाली. "'चोरून नेलं' ऐवजी 'संग्रहात दाखल झालं'. बाकी मजकूर तसाच राहू दे. सोमवारी कार्यक्रम आहे."

"आंटींना विचारून सांगतो," बबननं फोन ठेवला.

लंडनमध्ये, वेम्बलीला ईलिंग रोडच्या मागल्या गल्लीत त्याचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, एप्रिलमध्ये जयंतीची पत्रकं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

नोरीनआंटी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजाची. तिच्या पणजोबांची कवटी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरनं अभ्यासाच्या नावाखाली उचलून आणली होती. ती परत न्यायला आंटी लंडनला आली आणि इथंच म्हातारी झाली. पहाटे ऑफिसं झाडायची, दुपारी लिहायची. सव्वीस वर्षं तिची पत्रकं बबननंच छापली. थंडीवाऱ्यात रस्त्यावर उभी राहून ती वाटायची. शेवटी केंब्रिजचं एक संग्रहालय कवटी परत द्यायला तयार झालं. सोहळ्यात तिचं भाषण प्रत्येक खुर्चीवर ठेवायचं होतं. आणि नेमकी ती हॉस्पिटलात होती.

"बाबा, एकच वर्ड आहे ना!" कॉम्प्युटरवरून मान वळवत धम्मशीला म्हणाली. ती इथंच जन्मलेली, वाढलेली. "ते परत देतायत, तेच इम्पॉर्टन्ट आहे. वर्डसाठी कशाला फाइट करतो तुम्ही?"

कोट चढवून बबन हॉस्पिटलला गेला.

आंटीनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "कुठला शब्द?"

त्यानं सांगितला. ती हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. दम धरून तिनं विचारलं, "तू काय केलं असतंस?"

सव्वीस वर्षांत जे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, ते तो बोलून गेला. "माझा मोठा भाऊ विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, आंटी. मुकादमानं कागद केला. 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे' असं लिहिलं आणि आईचा अंगठा घेतला. मी चौथीत होतो. घरी आल्यावर मीच तो कागद तिला वाचून दाखवला."

"मग?"

"ती पदराला अंगठा पुसत राहिली. शाई कधीच गेली होती, तरी पुसत होती."

आंटीनं मास्क पुन्हा उचलला. "मग मला विचारायला कशाला आलास?"

बाहेर येऊन बबननं फोन लावला. "जमणार नाही, मॅडम."

"मग आम्ही दुसरीकडून छापून घेऊ."

"घ्या."

शनिवारी दिवसभर बसून त्यानं साठ प्रती स्वतःहून छापल्या. रविवारी दुपारी पहिली प्रत आंटीच्या हातात ठेवली. तिला वाचवत नव्हतं. तिनं पान उघडून नाकाशी नेलं, नव्या कागदाचा वास घेतला आणि डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली.

सोमवारी केंब्रिजच्या त्या सभागृहात प्रत्येक खुर्चीवर संग्रहालयानं तो शब्द बदलून छापलेली गुळगुळीत पुस्तिका होती. हातातलं गाठोडं घेऊन बबन दाराशीच घुटमळला. धम्मशीलानं ते त्याच्याकडून घेतलं, दोरी सोडली आणि पहिल्या रांगेपासून एकेका खुर्चीवर आपली प्रत ठेवत निघाली. तिला कुणी अडवलं नाही.

आंटीची भाची टेसा घरच्या माणसांबरोबर ऑस्ट्रेलियाहून आली होती. भाषण वाचायला ती उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात दोन्ही प्रती होत्या. दोन्ही तिनं चाळल्या, एक मिटून टेबलावर ठेवली आणि बबनची वाचायला घेतली. 'चोरून नेलं' तिनं सावकाश वाचलं. पुढच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. फोनवरची बाई तिथंच कुठंतरी असावी. बबननं तिला शोधलं नाही.

मग कवटीची लाकडी पेटी टेसाच्या हाती दिली गेली. पेटी घेऊन ती दाराशी आली आणि बबनपाशी थांबली.

"तुम्ही आंटींचे कोण?"

बबन गडबडला. "मी... प्रिंटर."

"मग चला ना, आमच्याबरोबर."

बबननं डोक्यावरची टोपी काढली आणि घरच्या माणसांमागून तो पेटीच्या मागे चालू लागला.