लल्ला बतूलच्या भिंतीचं पोट

फेजच्या जुन्या शहरात माझ्यासारखा गिलावा कुणाला जमत नाही. हे मी एकटाच सांगतो असं नाही, मी सांगितल्यावर सगळे सांगतात. पण घरमालकीण लल्ला बतूलच्या झोपायच्या खोलीतली भिंत बघायला सरकारी साहेब येणार, तूही ये असा तिचा निरोप आला, तेव्हा मी आधी सबबी शोधल्या.

ती भिंत माझीच होती. तीस वर्षांपूर्वी, ईदच्या आदल्या दिवशी, घरी पळायच्या घाईत केलेली. भिंतीला मोठं भगदाड होतं. विटा आणायला कोण जातंय? तारली माशांचे रिकामे पत्र्याचे डबे कोंबले आणि वरून चुना फिरवला. सहा महिन्यांत भिंतीचं पोट सुटलं. लल्लाने विचारलं तेव्हा मी बेधडक म्हणालो, "शेजारची खोली हमादने केली ना? त्याच्याच कामातून ओल आलीय."

हमाद माझ्याच गल्लीतला, गिलावाच करणारा. आता बिचारा कबरीत आहे. लल्लाने त्याच्या घरी शुक्रवारी वाटायचा रव्याचा कुसकुस पाठवणं तेव्हाच बंद केलं. रोज सकाळी त्या भिंतीकडे बघून ती त्याच्या नावाने बोटं मोडते.

घर जुना वारसा म्हणून संरक्षित, साहेबाच्या सहीशिवाय खिळा ठोकायची सोय नाही. साहेब म्हणजे सी अनवार, जेमतेम तिशीचा. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि डोळेच मिटले.

"काय हा उठाव! तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम कारागिराचा हात आहे. याला कुणी हात लावायचा नाही!"

"अरे बाळा, ही माझ्या उशाशी कोसळेल!" लल्ला म्हणाली.

"पलंग सरकवा, लल्ला."

"कुठे सरकवू? तुझ्या डोक्यावर?"

मी मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढ्यात भिंतीचा पोपडा सुटून उशीवर पडला. लल्लाने तो सवयीने झटकला. "रोजचंच आहे. मेल्या हमादचं हे काम मला घेऊनच जाणार."

मला शरम वाटली. खरंच वाटली.

"साहेब, ही भिंत मी केलीय."

"मालेम जिलाली, तुमच्यासारख्या उस्तादाचा हा विनय पुरे."

"कसला डोंबलाचा विनय! अख्ख्या फेजमधली सगळ्यात भिकार भिंत आहे ही!"

"तेच म्हणतोय मी. तुमचा हात इतका वाईट असूच शकत नाही."

कुणी माझी स्तुती केली आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी सरळ छिन्नी लावली. "अहो, गुन्हा आहे हा!" साहेब किंचाळला. दोन घावांत खपली निघाली आणि सात डबे खणखणत खाली आले.

साहेबाने एक उचलला. त्यावर मासा होता, खाली तीस वर्षांपूर्वीची तारीख होती.

"तीनशे वर्षं टिकतात हो तारल्या," लल्ला म्हणाली.

त्याने निमूट दुरुस्तीच्या कागदावर सही केली आणि कान लाल करून निघून गेला.

मग लल्ला माझ्याकडे वळली. वाटलं, आता चप्पल निघणार. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि कुसकुसची झाकलेली थाळी आणून माझ्या हातात दिली. शुक्रवारच होता.

"हमादच्या घरी द्यायची. आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

हमादच्या बायकोने, रुकय्याने, दार उघडलं. मी एका दमात सगळं ओकलो. डबे, चुना, ईद, खोटं, सगळं. तिने शांतपणे थाळी घेतली.

"माहीत आहे, भाऊ. तू डबे कोंबत होतास ते यांनी पलीकडच्या खोलीतून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाही तो?"

"म्हणाले, जिलालीला चार पोरं आहेत, त्याचं काम सुटेल. आपल्याला काय, एक कुसकुसच येणार नाही."

मी उंबऱ्यातच बसकण मारली आणि लहान पोरासारखा रडलो.