सोनेरी शॉवर आणि अकरा आंघोळी

मी एक जुना शॉवर आहे मित्रांनो, आणि मला तक्रारच करायची आहे. नाशिकच्या म्हसरूळमधल्या एका घरात मी वर्षानुवर्षं बाथरूमच्या भिंतीवर आहे. एवढ्या काळात माझ्याखाली किती माणसं उभी राहिली, ते बोटांवर मोजता येईल. माझ्यावर टॉवेल मात्र रोज वाळले.

माझा जन्म सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात झाला. मी अस्सल पितळेचा. त्यावर निकेलचा थर आणि त्याहीवर सोनेरी मुलामा. हा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण या घरात ते कोणालाच पटलं नाही.

१९९७ साली वत्सलाबाईंनी घर बांधलं, तेव्हा त्या मुलाला, गोरक्षला, घेऊन नळांच्या दुकानात आल्या. सोबत प्लंबर फारुख होता. त्याने माझ्या शेजारचा साधा चंदेरी, क्रोमचा शॉवर पुढे केला.

"मावशी, हा घ्या. आपल्याकडं बोअरचं पानी. याच्यावर डाग पडला तरी पुसला की गेला. सोनेरीचे लय नखरे असतात."

वत्सलाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा समईसारखा दिसतो. हाच बसव."

फारुखने मला बसवलं आणि जाताना बजावलं, याला फक्त मऊ फडक्याने पुसा, दुसरं काही लावू नका. सगळ्यांनी माना हलवल्या.

पहिली दिवाळी आली. देवाची भांडी घासून झाली आणि उरलेली चिंच घेऊन वत्सलाबाई स्टुलावर चढल्या. सोनेरी दिसतं ते पितळ, आणि पितळ म्हटलं की चिंच आणि राख. त्यांनी मला इतक्या मायेने घासलं की रागवावं तरी कसं? दुसऱ्या दिवाळीला माझ्या अंगावर पांढुरके चट्टे उठले. "दुकानदारानं फसवलं," असं म्हणून तिसऱ्या दिवाळीला त्यांनी मला आणखी जोराने घासलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

बरं, एवढं घासून वापरायचं तर नाहीच. आंघोळीला बादली आणि मग. पाहुणे आले की घरचे मला दाखवायचे आणि पाहुण्यांनाही बादलीच भरून द्यायचे. त्यात माझ्या नळाचा वॉशर झिजला. वॉशर म्हणजे एवढीशी रबरी चकती. ती बदलायची सोडून गोरक्ष नळ करकचून आवळायचा. त्याने उरलासुरला वॉशरही चिरडला. मग दिवसभर थेंब थेंब पाणी माझ्यात उतरायचं आणि तिथेच सुकायचं. प्रत्येक थेंब थोडासा क्षार मागे ठेवून जायचा. माझी छिद्रं एकेक करून बुजत गेली, आणि ते कोणाला दिसलं नाही, कारण समोर टॉवेल होता.

२००५ च्या फेब्रुवारीत वत्सलाबाईंचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डाव्या हाताला आधीच संधिवात, त्यात भरलेला मग पेलेना. डॉक्टर म्हणाले, बरं व्हायला काही महिने लागतील.

"आई, मी घालते ना आंघोळ," सूनबाई तृप्ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

वत्सलाबाई खाली बघत म्हणाल्या, "अगं, दुसऱ्यानं आंघोळ घालायची ती शेवटची. मी अजून जिवंत आहे." मग त्यांना माझी आठवण झाली. "आपल्याकडं शॉवर आहे की."

त्या माझ्याखाली स्टुलावर बसल्या. तृप्तीने नळ सोडला. मी सगळा जोर लावला, मित्रांनो. तीन बारीक धारा निघाल्या आणि तिन्ही समोरच्या भिंतीवर गेल्या. वत्सलाबाई कोरड्याच बसून राहिल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गोरक्षने मोटर तपासली, टाकी धुतली, पाइप ठोकून पाहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला काढून एकदा उलटं करून बघावं, एवढं त्याला सुचलं नाही. पुढे तो कामाला होता त्या पिंपळगावच्या पॅकहाउसात द्राक्षं पेट्यांत भरायचा हंगाम सुरू झाला आणि तो तिकडेच अडकला. अकरा दिवस तृप्तीने सासूला आंघोळ घातली. अकरा दिवस त्या डोळे मिटून बसायच्या. मी वरून ते पाहत होतो.

बाराव्या दिवशी वत्सलाबाईंनी स्वतःच फोन फिरवून फारुखला बोलावलं. त्याने मला काढलं, उलटं केलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाला. मग अर्धं व्हिनेगर आणि अर्धं कोमट पाणी घेऊन त्यात मला तासभर बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, सुईने एकेक छिद्र मोकळं केलं. वॉशरही नवा घातला.

"हा आता फारच भुंडा दिसतो. नवा आणायचा का रे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मावशी, पानी मुलाम्यातून नाय येत, भोकातून येतं."

त्याच संध्याकाळी वत्सलाबाई आत आल्या. तृप्ती मागोमाग येऊ लागली, तेव्हा त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि दार लोटून डाव्या हाताने कडी लावली. अकरा दिवस त्यांच्या आंघोळीला ती कडी लागली नव्हती. मी भरभरून बरसलो. बाहेरून तृप्तीने विचारलं, "आई, काही हवंय का?"

"काही नको. माझी मी करतेय."

तासाभराचं काम होतं, मित्रांनो. त्यासाठी आठ वर्षं आणि अकरा दिवस. म्हणून कळकळीने सांगतो, वॉशर वेळेवर बदला, नळ आवळत बसू नका, मुलाम्याला चिंच लावू नका आणि छिद्रं बुजण्याआधी एकदा वर मान करून बघा. हे माझ्यासाठी करू नका. मी पितळ, माझं काय जातं? तुमच्या घरात उद्या कोणाला तरी आतून कडी लावून आंघोळ करायची असेल, त्याच्यासाठी करा.