कळलावीचा लेप

श्रावण सरत आला की औंढ्याच्या डोंगरात कळलावी फुलते. बुडाशी पिवळी, वर लालभडक. बघणाऱ्याला वाटतं, तोडावी आणि केसांत माळावी. पण जाणती बाई तिला घरात आणत नाही. आणली की भांडण पेटतं म्हणतात. चतुराबाई सुईण मात्र दरसाल फुलं बघून वेल हेरून ठेवायची आणि मग नांगराच्या फाळासारखा तिचा वाकडा कंद खणून आणायची. विंचू चावला, लाव उगाळून. बाई अडली, लाव तळपायांना. कळा सुरू झाल्याच म्हणून समजा. उगाच नाही तिला कळलावी म्हणत!

पण या लेपाला एक अट होती. लेकरू बाहेर आलं की त्याच क्षणी पाय धुवायचे, आणि ज्या हातानं लेप लावला त्याच हातानं. उशीर झाला तर बाईचं रक्त थांबत नाही. चतुराबाईच्या सासूनं तिला हा धंदा शिकवताना हे शंभरदा बजावलं होतं.

निजामाच्या राज्यातल्या त्या अडतीस साली मात्र चतुराबाई डोंगराकडं फिरकायची बंद झाली होती. दोन वर्षं झाली, तिनं सुईणपण सोडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, डोळ्यांना दिसत नाही. साफ खोटं! सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची.

त्या दिवशी सकाळी खाजा मिया पिंजाऱ्याची बायको खतीजाबी धापा टाकत तिच्या अंगणात आली. लेक बिलकीस पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"चला चतुराबाई, पोरीला तकलीफ होऊन राहिली."

"मला न्हाई जमायचं, खतीजाबी. रुख्मिणीबाई सुईणीला बोलवा."

"काहून? तुमच्याबगर मला कुणाचाच भरवसा न्हाई. माझा नातू तुमीच तर वाचवला."

झालं. नेमकं तेच वाक्य. हे वाक्य ऐकलं की चतुराबाईला जीव नकोसा व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी खतीजाबीची सून जाहेदा दीड दिवस अडली होती. तिच्या पायांवर नवव्या महिन्यात लावलेली मेंदी होती. त्या लाल तळव्यांवरच चतुराबाईनं लेप लावला. दुपारी पोरगं झालं, पण निळं, आणि तोंडातून आवाज नाही. चतुराबाईनं त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. त्या गडबडीत तिनं लोटा खतीजाबीच्या हातात दिला आणि नुसतं म्हणाली, "हिचे पाय धुवा." का धुवायचे ते सांगायला सवड नव्हती. पोरगं रडलं आणि घरभर आनंदीआनंद झाला.

थोड्या वेळानं तिचं लक्ष गेलं, तर अंथरूण भिजलेलं. तिनं पाय बघितले. उजवा स्वच्छ होता. डाव्यावर, मेंदीवर, लेप तसाच वाळलेला. कुणी बघायच्या आत तिनं तो पदरानं पुसला. सांजेच्या आत जाहेदा गेली.

लेपानं गेली की नशिबानं, कोण सांगणार? पण चतुराबाईनं स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. त्यात खतीजाबीनं तिलाच मिठी मारून धीर दिला. दर ईदला आठवणीनं शीरखुर्मा पाठवला. तो तिच्या घशाखाली उतरायचा नाही. शिव्या दिल्या असत्या तर गोड लागल्या असत्या!

"चला की," खतीजाबीनं तिचा हात धरला.

चतुराबाईनं तो सोडवला. "बी, या हातानं तुमची सून मारली." आणि मग तिला थांबता येईना. लेप, त्याची अट, पदरानं पुसणं, सगळं तिनं भडाभडा ओकून टाकलं. छाती हलकी झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास आला.

 खतीजाबी हळूच म्हणाली, "कोन्त्या पायाचा लेप राहिला व्हता?"

 आपण काय करून बसलो, ते चतुराबाईला आत्ता कळलं. स्वतःचं ओझं उतरवायच्या घाईत तिनं ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं होतं!

"दोन्ही," ती घाईघाईनं म्हणाली. "दोन्ही पायांचा. मी तुमाला धुवा म्हनलेच न्हाई. माझीच चूक."

"म्हनल्या व्हत्या." खतीजाबी मटकन खाली बसली. "लोटा माझ्याच हातात दिला. उजवा म्या धुतला. डाव्याला हात घालणार, तवर पोरगं रडलं. म्या लोटा ठेवला अन् त्याला बघाया उठले."

"तुमाला काय ठाऊक, बी? म्या सांगितलंच न्हाई, काहून धुवायचे ते."

खतीजाबीनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. चतुराबाईनं घरात जाऊन बाळंतपणाचं गाठोडं काढलं, खांद्यावर टाकलं आणि तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"उठा. बिलकीस वाट बघून राहिली असंल."

"तुमी व्हा पुढं," खतीजाबी म्हणाली. "मला पोरीच्या पायापाशी बसू देऊ नका."